वहिनी, चोर अजून सापडला नाही

प्रिय वहिनी,

सकाळपासून नुसती आत-बाहेर करते आहे. पडवीत बसले की खळ्यात जावंसं वाटतं, खळ्यात गेले की चुलीवर काहीतरी राहिलंय असं वाटतं. चुलीवर काही नाही. शेवटी दादा वैतागला. तुझा नवरा वैतागला की आवाज चढवत नाही, हातातलं काम खाली ठेवतो, हे तुला मी काय सांगणार! त्यानं कोयती खाली ठेवली आणि म्हणाला, "वैशू, चार दिवस तू मला तेच तेच सांगतेस. मला काय कळतं त्यातलं? तिला सांग."

म्हणून लिहिते आहे. तू गेलीस त्याला वर्ष होऊन गेलं, तरी या घरात "तिला" म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही.

आधी बातमी. काल जनाकाकीला रत्नागिरीहून घरी आणलं. तिच्या छातीतली गाठ काढली. हो, जनाकाकीच्या. काजूच्या कारखान्यात इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून बिया फोडणाऱ्या तुझ्या जनाच्या. ती गाठ तिनं लपवली होती, आणि का लपवली होती ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ती तुझ्या शब्दावर थांबली होती, वहिनी!

रागावू का तुझ्यावर? गेलेल्या माणसावर रागावता येतं का? मला येतंय.

तू मला कधी नावानं हाक मारली नाहीस. लग्न होऊन आलीस तेव्हा मी पाचवीत होते, स्वतःच्या वेण्या धड घालता येत नव्हत्या, आणि तू मला म्हणालीस, "वन्सं, तुम्ही चहा घेणार का?" मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून! पुढे मी तुला "तू" म्हणत राहिले आणि तू मला "तुम्ही". आई कुरकुरायची, "अगो, त्या पोरीला डोक्यावर बसवू नको." तू ऐकलं नाहीस.

बारावी झाल्यावर बाबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली. एक दिवस जेवणं चालू असताना भाताचा टोप तसाच हातात धरून तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस. "वन्संना शिकू दे. माझे हात बघा नि मंग काय ते ठरवा." काजूच्या टरफलातल्या तेलानं तुझ्या बोटांची सालटं निघालेली असायची. बाबांनी हात पाहिले आणि खाली मान घालून भात कालवला. स्थळाचा विषय परत निघाला नाही.

तुझ्याआधी आणि तुझ्यानंतर या घरात बाबांसमोर असं कुणी उभं राहिलं नाही. इतकी धीट तू, आणि स्वतःच्या वेळी? तिथंच माझं डोकं फिरतं.

मी पुण्याला गेले आणि माझं शिकणं संपेचना. सुट्टीत आले की तू विचारायचीस, "वन्सं, तुम्ही तिकडं करता काय नक्की?" एकदा मी खरंच सांगायला बसले. तू मागल्या दारी सुकट निवडत होतीस. मी म्हटलं, प्रत्येक पेशीत डीएनए असतो. प्रथिनं कशी बनवायची त्याची कृती त्यात असते. त्या कृतीची नक्कल निघते ती आरएनए, आणि त्यावरून प्रथिन बनतं. पण गंमत अशी की एवढ्या मोठ्या डीएनएमधले शंभरातले जेमतेम दोन भाग या कामाचे. बाकीच्याला शास्त्रज्ञ बरीच वर्षं कचरा म्हणत होते. मग कळलं की त्या कचऱ्यातूनही लांबलचक आरएनए निघतात. त्यांच्यावरून प्रथिन काही बनत नाही. पण कुठलं जनुक बोलेल, कुठलं गप्प राहील, कुठलं प्रथिन कुठं जाऊन चिकटेल, यात त्यांचा हात असतो. कर्करोगात त्यांचंच काहीतरी बिघडलेलं दिसतं, आणि मी नेमकं तेच शोधते.

तू क्षणभर विचार केलास. "म्हणजे आपण चुलीजवळ जायचं नाय, पन आमटीत काय पडंल ते ठरवायचं."

"बरोबर!"

"मंग सासूबाई म्हणा की त्याला!"

आतून आईचा आवाज आला, "मला ऐकू येतंय हां, सुनंदे!"

काय हसलो होतो आपण! हसण्याच्या भरात मांजरानं सुकट पळवली तेही कळलं नाही. मग मी आणखी एक सांगितलं. बायकांच्या पेशीत एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, आणि त्यांतली एक गप्प ठेवायचं काम असाच एक लांब आरएनए करतो. तू हसायची थांबलीस. "दोघींतली एक गप्प बसते तेव्हा घर चालतं, असंच ना?" मी म्हटलं, "घराचं माहीत नाही, पेशीचं तसं आहे." तू मान खाली घालून परत सुकट निवडायला लागलीस. त्या वेळी तू मनात काय गिळलंस ते मला आजवर कळलेलं नाही.

आई गेली, मग बाबा. दादा मुंबईला कंपनीत, मी पुण्याला. घर, काजूची कलमं आणि कारखान्यातली मजुरी सांभाळायला तू एकटी. त्या शिमग्याला मी आले होते. पालखी आपल्या अंगणातून पुढे गेली, गर्दी पांगली, आणि तू मला न्हाणीत बोलावलंस. "वन्सं, जरा हात आना इकडं." तू माझा हात धरून छातीवर ठेवलास. माझ्या बोटांना कळलं.

"कधीपासून?"

"आंबे होते तेव्हापासनं."

आंबे! म्हणजे मधे अख्खा पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. गणपतीत मी इथंच होते, वहिनी! मोदकाची उकड मळताना तू माझ्या शेजारी बसली होतीस. मी सकाळ-संध्याकाळ स्तनांच्या कर्करोगावर काम करते हे तुला माहीत होतं. मग का नाही बोललीस? मी विचारलं तेव्हा तू पदर नीट करत म्हणालीस, "दुखत नव्हतं ओ. न दुखनारी गोष्ट कशी सांगायची?"

न दुखणाऱ्या गाठीचंच जास्त भय असतं हे मला पाठ आहे, पण ते पाठ असून काय उपयोग झाला?

मग राजापूरचे डॉक्टर, मग रत्नागिरी, मग मुंबई. दादाच्या खोलीवर तू राहिलीस. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाठीचा लहानसा तुकडा संशोधनासाठी ठेवला तर चालेल का. तू म्हणालीस, "ठेवा की! पन आमच्या वन्संकडे पाठवा हां, दुसऱ्या कुणाला नको." त्या हसल्या. तसं होत नसतं, वहिनी. नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो. कुणाचा तुकडा कुठं गेला ते आम्हाला कळू नये अशीच व्यवस्था असते. तरी आमच्याकडे गोठवलेल्या नमुन्यांची पेटी आली की हातमोजे चढवताना माझे हात थरथरतात. शेजारची मुलगी म्हणते, "ताई, एसी कमी करू का?" मी म्हणते, कर.

केमोच्या सुयांनी तुझे केस गेले, हात सुजला, तोंडाची चव गेली. तू गावी परत आलीस आणि डोक्याला रुमाल बांधून कारखान्यात जाऊन बसलीस. बिया फोडायच्या नाहीत म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. तू म्हणालीस, "फोडत नाय, गप्पा मारतंय."

त्याच दिवसांत माझ्या प्रयोगाला यश आलं. तुला आठवेल. मी एक लांब आरएनए धरून बसले होते. काचेच्या बशीत गाठीच्या पेशींचा थर वाढवायचा, त्यात मधोमध एक ओरखडा काढायचा. पेशी दोन्ही बाजूंनी सरकत येतात आणि ओरखडा बुजवतात. अशा सरकणाऱ्या पेशीच उद्या शरीरभर पसरणार, असा त्यातला हिशेब. मी तो आरएनए बंद पाडला आणि पेशी जागच्या जागी थांबल्या. दुसऱ्या दिवशीही ओरखडा तसाच! जेवायच्या सुट्टीत मी तुला फोन केला. म्हटलं, "वहिनी, बशीतल्या पेशी थांबल्या."

"म्हणजे चोर सापडला!" तू फोनवर ओरडलीस.

"अगं, बशीत. माणसात नाही. औषध व्हायला किती वर्षं लागतात, आणि होईलच असंही नाही."

पण पलीकडे तू आधीच कुणाला तरी सांगत होतीस. "गो जना, वन्संना चोर सापडला!" मागे बायकांचा गलका ऐकू आला. मीही हसले. तुझा तो आवाज किती दिवसांनी ऐकत होते!

त्यानंतर तुला फार दिवस मिळाले नाहीत. आजार यकृतात पसरला. दादा नोकरी सोडून आला. तुला पडवीत झोपवायचो, तिथून कलमं दिसायची. काजूला मोहर आला होता आणि त्याचा वास तुला सोसत नव्हता, तरी तू आत जायला तयार नव्हतीस. एका दुपारी दादा तुझ्या पायांना तेल लावत होता आणि मी पेज गार करत होते. पेजेची वाटी घेऊन मी आले, आणि दादानं मान वर न करता म्हटलं, "नको आता." एवढंच. तुझे पाय त्यानं पुढे बराच वेळ हातातच धरून ठेवले होते.

मी प्रयोगशाळेत परत गेले. जाऊन जाणार कुठं? आता त्या चोराला मी सोडणार नव्हते. बशी झाली, पुढची पायरी उंदरांची. तो आरएनए ज्यांच्यात नाही असे उंदीर घेतले. त्यांच्यात गाठ कमी पसरायला हवी होती.

जास्त पसरली, वहिनी.

मला वाटलं, पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. नव्हत्या बदलल्या. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, म्हणाल्या, "पुन्हा कर." पुन्हा केलं. तेच. मग रुग्णांच्या नमुन्यांकडे पाहिलं. काही गाठींमध्ये तो आरएनए भरपूर आणि आजार भयंकर. पण दुसऱ्या तऱ्हेच्या गाठींमध्ये नेमकं उलटं होतं. तिथं तो जितका कमी, तितकं पसरणं जास्त! म्हणजे एका ठिकाणी जो घर फोडतो तोच दुसऱ्या ठिकाणी दाराला अडसर लावून बसलेला. या क्षेत्रात असं आधीही झालेलं आहे. एकाच लांब आरएनएला कुणी दुष्ट म्हटलं, कुणी राखणदार, आणि दोघांचे प्रयोग चोख. तो कुठल्या पेशीत आहे, तिथं कुणाला धरून आहे, आणि आपण त्याला कशा रीतीनं बंद पाडला, यावर सगळं ठरतं. मी हे वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि आपल्याच हातून होणं वेगळं.

मला त्या रेणूचा संताप आला. हसशील, पण खरंच आला. तुझ्या गाठीत तो काय करत होता? मी तुझ्यावर ते औषध चालवून पाहिलं असतं तर, असा विचार आला आणि मी हातातलं सगळं तसंच टाकून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. नव्हतंच औषध, तरीही.

एक सहकारी म्हणाला, "बशीचा भाग छान आहे, तो आधी छापून टाक. उंदरांचं नंतर बघू." सल्ला वाईट हेतूनं दिला नव्हता, असं करतात लोक. पण मला ते पटेना. मी मॅडमकडे गेले आणि भांडायच्या तयारीनं म्हटलं, "मी उंदरांचा भाग बाजूला ठेवणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. "ठेव असं मी कधी म्हटलं?"

मी खुर्ची ओढून बसले.

"सगळा लेख पहिल्यापासून लिहावा लागेल. वर्ष जाईल. शीर्षकही बदलेल. आणि लोक विचारतील, मग नक्की काय सापडलं?"

"काय सांगायचं?"

"सापडलं तेवढंच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चष्मा लावला.

मी लिहायला बसले. तेवढ्यात तुझं वर्षश्राद्ध आलं आणि मी गावी आले.

जेवणं झाल्यावर कारखान्यातल्या सगळ्या जणी पडवीत बसल्या होत्या. जनाकाकीनं सुपारी कातरत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "गो वैशू, ते औषद कधी येनार?"

"कुठलं औषध?"

"तुजं. सुनंदा सांगायची ना. चोर सापडलाय, आता औषद येतंय, म्हणायची."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. औषध नाही. ज्याला आम्ही चोर समजलो तो कुठं चोरी करतो आणि कुठं राखण करतो, असं दिसतंय. अजून नीट कळलेलं नाही. एकीनं विचारलं, "मग येवढी वर्षं ह्याचा उपेग काय?" मी म्हटलं, पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगात अशाच एका आरएनएचा माग लघवीच्या तपासणीतून घेता येतो. एखादा असा कामाला येतो. बाकीचे अजून शोधतोय. बायका "असं होय" म्हणाल्या आणि पानाचं तबक पुढे सरकलं. जनाकाकी मात्र तबकाला हात न लावता उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गडग्याच्या दगडांवर कपडे वाळत घालत होते. पलीकडे रस्त्यावर ती येऊन उभी राहिली.

"नाय म्हणजे नक्की नाय? सुनंदा खोटं बोलनारी नव्हती."

"काकी, का विचारतेस?"

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि गडग्यावरून माझा हात ओढला. वहिनी, तीच जागा! त्याच बाजूला!

"मी त्या सुया नाय घेनार," ती म्हणाली. "सुनंदाचं काय झालं ते मी बगितलंय. केस गेले, हात कोहाळ्यासारका सुजला, नि शेवटी गेलीच. मी पावसापासनं तुज्या औषदासाटी थांबलंय."

माझ्या हातातला दादाचा ओला सदरा मातीत पडला. मी तिच्यावर ओरडले. भररस्त्यात, मोठ्यानं, वेड्यासारखी. ती उलट माझ्यावर ओरडली. "मग सांगितलात कशाला औषद येतंय म्हणून?" मी म्हटलं, मी नाही सांगितलं! आणि जिनं सांगितलं ती आता उत्तर द्यायला नव्हती.

काय करू आता? मी तिला पुस्तकातलं सगळं सांगून पाहिलं. लवकर सापडलं तर बरं होतं, सगळ्यांचा आजार सारखा नसतो, सुनंदाचा फार पुढे गेलेला होता. ती नुसती मान हलवायची. "तुजं कालपन खरं होतं नि आजपन खरं हाय, मी कशावर विश्वास ठेवू?" तिचं काय चुकलं यात? तिच्या मुलाला मुंबईला फोन केला, तो फोनवर रडायलाच लागला. तरी ही बाई ढिम्म.

शेवटी दादा तिच्याकडे गेला. तोच दादा, ज्याच्याबद्दल तू आयुष्यभर म्हणायचीस की तोंडात गुळणी धरून बसलाय. तो तिच्या ओट्यावर जाऊन बसला. मी मागे उभी होते. तो म्हणाला, "जनाकाकी, तुला वाटतं ती सुयांनी गेली. ती थांबली म्हणून गेली. आंबे होते तेव्हा मला सांगितलं असतं तर आज ती तुझ्याशेजारी बसली असती, नसतीही. पण मला एकदा तरी धावपळ करायला मिळाली असती वेळेवर. तू थांबू नको."

आणि तो रडला, वहिनी. तुझ्या तेराव्यालाही जो रडला नव्हता.

जनाकाकी आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. ती बाहेर आली तेव्हा लुगडं बदललेलं होतं आणि हातात पिशवी होती. "रत्नागिरीची गाडी कितीला हाय?" तिनं विचारलं.

एसटीत ती खिडकीशी बसली. गाडी घाट उतरली. मग म्हणाली, "केस जातील?"

"बहुतेक जातील. परत येतात."

"सुनंदाचे आले होते?"

"आले होते, काकी. बारीक बारीक. मऊ."

"हो की," ती म्हणाली. "मीच हात फिरवलेला."

तपासण्या झाल्या. गाठ कर्करोगाचीच निघाली. पण फार पसरलेली नाही, काखेतल्या एखाद्या ठिकाणी पोचली असेल तेवढीच, असं डॉक्टर म्हणाले. मी पुण्याला जाऊन रजा वाढवून परत आले. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा दादा आणि मी बाहेर टपरीवर चहा घेत होतो. मी पुन्हा तेच सुरू केलं. वहिनीनं असं का सांगितलं सगळ्यांना? तिला खरंच वाटत होतं का औषध येतंय? मी तर नाही म्हटलं होतं!

दादानं चहाचा पेला खाली ठेवला. "तिला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"औषध येनार नाय ते. बायका तिला विचारायच्या, तुझी नणंद येवढी शिकली, कॅन्सरवरच काम करते म्हणतात, मग तुला का नाय बरी करीत? एक-दोघी तर म्हणाल्या, शिकवून काय उपयोग झाला तुला. म्हणून ती सांगायची, वन्संना चोर सापडलाय, औषध येतंय. तुझ्याबद्दल कुणी बोललेलं तिला चालायचं नाय."

वहिनी! हे काय केलंस तू?

तेव्हापासून मी अशी आत-बाहेर करते आहे. तुझ्यावर रागवावं तर तू माझ्यासाठी ढाल धरून उभी होतीस. रागावू नये तर जनाकाकीचे ते महिने कुणाच्या खात्यात घालू? मरणाच्या दारात बसून तुला माझ्या अब्रूची काळजी? मला काय करायची होती ती अब्रू! बोलल्या असत्या बायका, बोलू द्यायचं होतंस. आणि तरीही, खरं सांगू? हे ऐकल्यावर मी टपरीमागे जाऊन हमसून हमसून रडले, आणि त्या रडण्यात राग किती होता आणि माया किती, मला वेगळं करता आलं नाही. करायचा प्रयत्नही सोडून दिला आहे.

जनाकाकी बरी आहे. आज सकाळी तिनं पेज घेतली आणि मीठ कमी म्हणून भांडली. तिचा मुलगा आला आहे, त्याला काही करू देत नाही. पुढच्या महिन्यात सुया सुरू होतील. बरी होईल का? होण्याची आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणतात. मला नक्की माहीत नाही. कुणालाच नाही.

लेखाचं म्हणशील तर दोन्ही बाजूंसकट लिहिते आहे, झाला की पाठवेन. छापतील न छापतील. एखादी पुण्यातली किंवा परदेशातली मुलगी तो वाचून एक चुकीचं औषध बनवायचं टाळेल, एवढं झालं तरी मला पुरे. नाही, पुरे नाही. पण सध्या तेवढंच आहे.

उद्या दुपारी कारखान्यातल्या बायकांनी मला बोलावलं आहे. आता तुला वचन देते, वहिनी. जनाकाकीच्या पहिल्या सुईला मी तिच्याजवळ असेन, आणि जमेल तेवढ्या सगळ्यांना. आणि यापुढे माझी बाजू तुला सावरावी लागणार नाही. उद्या कुणी ना कुणी विचारेलच, एवढी शिकलीस, मग वहिनीला का नाही वाचवलंस? मी सांगेन, नाही वाचवता आलं. माझ्याकडे औषध नव्हतं, आजही नाही. मग मी कारखान्याचं दार लावून घेईन, त्यांच्यामध्ये खाली जमिनीवर बसेन आणि विचारेन, तुमच्यापैकी कुणी, न दुखणारं काही, लपवून ठेवलंय का?

उत्तर येईपर्यंत उठणार नाही.

तुझी नणंद,
वैशाली